साधे कोल्ड क्रीमही चेहऱ्याला झोंबू लागले, असे का व्हावे?

प्रश्न : अबोली

नमस्कार. माझे वय ३४. गेल्या वर्षीपर्यंत माझ्या चेहऱ्याचे लाड म्हणजे अंगाचाच साबण आणि थंडीत कोल्ड क्रीम, एवढेच होते. दिवाळीनंतर आतेबहिणीचे लग्न ठरले आणि आपणही जरा नीट दिसावे म्हणून मी एकदम पाच गोष्टी आणल्या : सॅलिसिलिक आम्लाचा फेसवॉश, सकाळचे व्हिटॅमिन सीचे सीरम, रात्रीचे रेटिनॉल, एक दाणेदार स्क्रब आणि सनस्क्रीन. पहिले दहा-बारा दिवस चेहरा खरोखरच तुकतुकीत दिसत होता. तिसऱ्या आठवड्यात नाकपुड्यांच्या कडा लाल झाल्या, हनुवटीची सालपटे निघू लागली आणि तोंड धुतले की गालाची कातडी ओढून बसवल्यासारखी वाटू लागली.

सगळे बंद केले आणि घरगुती उपायांकडे वळले. बेसन, हळद आणि वरून अर्धे लिंबू पिळून लेप लावला, तर मिनिटभरात तोंडाची अशी आग झाली की नळाखाली धरूनही ती थांबेना. मग एका मैत्रिणीने दिलेले फुलांच्या अर्काचे हर्बल जेल लावले. ते मुळीच झोंबले नाही, उलट गार वाटले. मात्र दोन दिवसांनी सकाळी उठले तेव्हा पापण्या सुजलेल्या होत्या आणि खाजेने जीव नकोसा झाला होता.

सूज उतरली, पण आता जे कोल्ड क्रीम मी वर्षानुवर्षे वापरले तेच लावताच गाल चुणचुणतात. सासूबाई चष्मा लावून अगदी जवळून पाहतात आणि म्हणतात, "तोंडावर काही दिसत तर नाही गं." आरशात मलाही फारसे दिसत नाही, त्यामुळे हे सारे माझ्या मनाचे खेळ आहेत की काय, अशी शंका येऊ लागली आहे. पूर्वी चालणारी वस्तू अचानक का चालेनाशी होते? डब्यावरच्या 'हायपोअ‍ॅलर्जेनिक' (अ‍ॅलर्जीची शक्यता कमी) या शब्दाला काही अर्थ आहे का? आणि त्वचा जन्मतःच नाजूक असते की आपण ती तशी करून ठेवतो? (पाण्याचा संबंध असल्यास सांगते : दोन वर्षांपूर्वी आम्ही पुण्याच्या हद्दीवरच्या नव्या सोसायटीत राहायला आलो. येथे टँकरचे आणि बोअरचे पाणी येते. नळाच्या तोटीवर पांढरा थर साचतो.)

उत्तर : काचपात्र

अबोलीताई, मी बरीच वर्षे सौंदर्यप्रसाधने तयार करणाऱ्या कारखान्यांच्या प्रयोगशाळांत काम केले आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे पापण्यांच्या सुजेविषयी बोलणार नाही; ते प्रकरण मला वेगळे दिसते. झोंबण्याविषयी मात्र सांगू शकतो.

ज्या थराच्या भरवशावर आपण तोंडाला हे सगळे फासतो तो त्वचेचा सर्वांत वरचा थर एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकाही जाड नसतो. मेलेल्या, चपट्या पेशींचे पंधरा-वीस पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्या सांध्यांत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांचा स्निग्ध लेप भरलेला असतो. आमच्या व्यवसायात याला विटा आणि चुन्याची भिंत म्हणतात. ही भिंत दोन कामे करते : आतले पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचे रसायन आत येऊ देत नाही. तुम्ही तीन आठवड्यांत या भिंतीवर पाच बाजूंनी काम काढले. सॅलिसिलिक आम्लाने विटांचे सांधे सैल केले, स्क्रबने सैल झालेल्या विटा खरवडून काढल्या, फेसवॉशमधल्या फेसकारक द्रव्याने चुना धुऊन नेला आणि रेटिनॉलने खालच्या पेशींना घाईने वर यायला लावले. व्हिटॅमिन सी शुद्ध रूपात असेल तर ते त्वचेत मुरण्यासाठी सीरमचा पीएच (आम्लतेचे माप; अंक जितका लहान तितकी आम्लता जास्त) साडेतीनच्या खाली ठेवावा लागतो, म्हणजे ते चांगलेच आंबट असते. यांतली कोणतीही एक गोष्ट बेताने वापरली असती तर बहुधा निभावले असते.

तेच कोल्ड क्रीम आता का झोंबते, याचे उत्तर यातच आहे. क्रीम बदललेले नाही, भिंतीला भेगा पडल्या आहेत. बोट कापलेले असताना लोणच्याच्या बरणीत घातले तर मीठ झोंबते आणि एरवी त्याच मिठाने काही होत नाही, तसाच हा प्रकार आहे. प्रोपिलीन ग्लायकॉल, लॅक्टिक आम्ल, युरिया, फिनॉक्सीइथेनॉल ही क्रीममध्ये नेहमी असणारी द्रव्ये आहेत. भिंत धड असताना ती वरच राहतात, भिंत फुटली की खालच्या मज्जातंतूंच्या टोकांपर्यंत पोहोचतात. काहींच्या बाबतीत भिंत धड असूनही मज्जातंतूच अधिक जागे असतात. अमेरिकेतील फ्रॉश आणि क्लिगमन या संशोधकांनी १९७७ साली याची एक साधी चाचणी मांडली होती : नाक आणि गाल यांच्यामधल्या घडीत लॅक्टिक आम्लाचे सौम्य द्रावण लावायचे आणि किती झोंबते ते विचारायचे. काहींना काहीच वाटत नाही, काहींना दोन-चार मिनिटांत असह्य होते, आणि विशेष म्हणजे कातडीवर बहुतेक वेळा खूण उमटत नाही. सासूबाईंना हे जरूर सांगा.

आता लिंबाविषयी. निरोगी चेहऱ्याचा पीएच साधारण साडेचार ते साडेपाच असतो आणि लिंबाच्या रसाचा दोनच्या आसपास. ही मोजपट्टी अशी आहे की एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक. तेव्हा तुमच्या 'नैसर्गिक' लेपाची आम्लता चेहऱ्याच्या तुलनेत कैक शेकडा पटींनी जास्त होती. नेहमीच्या अंगाच्या साबणाची चूक दुसऱ्या टोकाची असते, कारण त्याचा पीएच नऊ-दहाच्या घरात असतो. पीएच असा चढला की विटांचे सांधे कापणारी विकरे जोमाने कामाला लागतात आणि सिरॅमाइड तयार करणारी मंदावतात. त्यातून पाणी जड असेल तर साबण त्यातल्या कॅल्शियमशी संयोग पावून न विरघळणारा चिकट साका तयार करतो. बादलीच्या कडेला जो दिसतो तोच चेहऱ्यावरही बसतो. सोडियम लॉरिल सल्फेट हे फेसाचे द्रव्यदेखील जड पाण्यात त्वचेवर जास्त चिकटून राहते; आणि प्रयोगासाठी मुद्दाम त्वचा चिडवायची असते तेव्हा संशोधक हेच द्रव्य वापरतात, एवढे सांगितले तरी पुरे. तोटीवरच्या पांढऱ्या थराचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलात, पण माझ्या मते तुमच्या चेहऱ्याची कुरबुर लग्न ठरण्याच्या आधीच सुरू झालेली असावी.

'हायपोअ‍ॅलर्जेनिक' या शब्दाचा इतिहास मोठा मौजेचा आहे. हा शब्द छापायचा असेल तर चाचणी करून पुरावा दाखवा, असा नियम अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७५ साली केला. उत्पादक न्यायालयात गेले आणि १९७७ साली तो नियम रद्द झाला. तेव्हापासून तेथे या शब्दाला सक्तीची व्याख्या नाही आणि प्रत्येक उत्पादक तो आपापल्या अर्थाने छापतो. डब्याच्या पुढच्या बाजूवर वेळ घालवू नका, मागची यादी वाचा. एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या प्रमाणात लिहिलेले असतात, त्यापुढचे कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. त्यामुळे एखादा फुलाचा अर्क यादीत फार खाली असेल तर तो बहुधा नावापुरताच असतो, पण अ‍ॅलर्जी यायला तेवढाही पुरतो.

'पॅराबेन-मुक्त' या शब्दावरही फार भाळू नका. पॅराबेन ही क्रीम टिकवणारी द्रव्ये आहेत. पाणी असलेल्या कोणत्याही क्रीमला टिकवणारे द्रव्य लागतेच, नाहीतर महिन्याभरात त्यात बुरशी वाढते. पॅराबेनविषयी भीती पसरली तेव्हा त्याच्या जागी जी द्रव्ये आली त्यांत मिथाइल-आयसोथायाझोलिनोन होते. युरोपात २००५ साली ते प्रसाधनांत स्वतंत्रपणे वापरायला परवानगी मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत अ‍ॅलर्जीचे रुग्ण इतके वाढले की अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचारोगांच्या तज्ज्ञसंस्थेने २०१३ साली त्याला 'वर्षातील अ‍ॅलर्जीकारक' ठरवले. लावून ठेवायच्या प्रसाधनांतून युरोपने ते २०१७ साली काढून टाकले. त्याच संस्थेने २०१९ साली पॅराबेनना 'वर्षातील अ‍ॅलर्जी न करणारे द्रव्य' म्हणून निवडले! आमच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी पुष्कळ हसू झाले होते.

उत्तर : माठातलेपाणी

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. काचपात्र यांचे विवेचन योग्य आहे; त्यांनी सोडलेला धागा तेवढा पुढे नेतो. न तपासता निदान करता येत नाही, हे मात्र गृहीत धरावे.

अबोली, तुमच्या हकिकतीत दोन वेगळे आजार एकमेकांत मिसळले आहेत आणि त्यांना वेगळे करण्याची किल्ली घड्याळात आहे. लिंबाने मिनिटभरात आग झाली, सीरमने हळूहळू सालपटे आणली. ही चुरचुर, म्हणजे द्रव्याने त्वचेला थेट केलेली इजा. ती प्रमाणावर अवलंबून असते, पुरेसे तीव्र द्रव्य पुरेसा वेळ लावले तर कोणालाही होते, आणि तिच्यात आग व चुणचुण जास्त, खाज कमी असते. फुलांचे जेल लावताना गार वाटले आणि दोन दिवसांनी पापण्या सुजून खाज सुटली, ही चाल अ‍ॅलर्जीची आहे. अ‍ॅलर्जीत शरीराच्या संरक्षक पेशी एखादे द्रव्य लक्षात ठेवतात. पहिल्या भेटीत काहीच घडत नाही. ओळख पक्की व्हायला दहा-पंधरा दिवसांपासून कित्येक वर्षे लागू शकतात. त्यानंतर मात्र अत्यल्प मात्राही पुरते, आणि परिणाम दिसायला एक ते चार दिवस लागतात. म्हणूनच 'मी तर हे वर्षानुवर्षे वापरते' हे वाक्य अ‍ॅलर्जी नसल्याचा पुरावा ठरत नाही. शिवाय भिंत फुटलेली असताना लावलेले द्रव्य त्या पेशींपर्यंत सहज पोहोचते, त्यामुळे चुरचुरीच्या काळातच नवी अ‍ॅलर्जी जडण्याचा धोका अधिक असतो. त्वचा सोललेली असताना नवनवीन वस्तू लावून पाहू नयेत, असे आम्ही सांगतो ते यासाठी.

पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ, साधारण अर्धा मिलिमीटर असते. त्यामुळे दुसरीकडे लावलेल्या वस्तूची अ‍ॅलर्जीही पुष्कळदा पापणीवरच फुटते. माझ्याकडे सुजलेल्या पापण्या घेऊन आलेल्या स्त्रियांना मी आधी हात पुढे करायला सांगतो, कारण नखांना लावलेल्या रंगातली राळ हे त्याचे एक ठरलेले कारण आहे. केसांचा डाय, टिकलीचा गोंद, उशीच्या अभ्र्याला लागलेले तेल, हेही विचारात घ्यावे लागते.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'दोन्ही' असे आहे. फिलाग्रिन नावाचे प्रथिन तयार करणाऱ्या जनुकात दोष असलेल्यांची भिंत जन्मतःच विरळ असते. स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी २००६ साली हा दोष शोधला आणि लहानपणच्या एक्झिमाशी त्याचे नाते दाखवले. तुम्हाला किंवा भावंडांना लहानपणी एक्झिमा किंवा दमा होता का, तळहातावर रेषा फार ठळक आहेत का, हे आठवून पाहा. तसे नसेल तर तुमची त्वचा नाजूक नव्हती, ती आता झाली आहे, आणि अशी त्वचा बहुतेक वेळा पूर्ववत होते. मनाच्या खेळाविषयी म्हणाल, तर खाजेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने नाजूक त्वचेची जी व्याख्या ठरवली आहे, तिच्यातच त्वचा वरून अगदी निरोगी दिसू शकते असे नमूद आहे.

तूर्त काय करावे? चेहऱ्याला कोमट पाणी आणि पांढरे पेट्रोलियम जेली, याखेरीज चार ते सहा आठवडे काहीही लावू नका. शक्य असेल तर शेवटचे दोन तांबे पिण्याच्या, गाळलेल्या पाण्याचे घ्या. उन्हासाठी छत्री आणि ओढणी. त्यानंतर एकेक वस्तू, दोन आठवड्यांच्या अंतराने : कोपराच्या आतल्या घडीत दिवसातून दोनदा, आठ-पंधरा दिवस लावून पाहा. यात अ‍ॅलर्जी कळते. झोंबणे कळत नाही, कारण हाताच्या कातडीला चेहऱ्याइतके झोंबत नाही. त्यासाठी पुढचे काही दिवस जबड्याच्या कडेला थोडेसे लावून पाहावे. आपल्याकडे कानामागे एकदा बोट फिरवून दुसऱ्या दिवशी 'पॅच टेस्ट झाली' म्हणतात. वर सांगितलेले वेळेचे गणित पाहता त्याला काही अर्थ उरत नाही.

उत्तर : बांधावरून

मी परभणी जिल्ह्यातला शेतकरी आहे, प्रसाधनांशी माझा संबंध नाही. पण फुलांच्या जेलचे वाचले म्हणून लिहितो. मला अकरा वर्षांपासून गाजरगवताची अ‍ॅलर्जी आहे. पावसाळा संपताना बांधावर ते फुलले की पापण्या, मान आणि कोपराच्या घड्या लाल होऊन पाझरतात. एकदा दाढीनंतर लावायला मुलाने हर्बल म्हणून मलम आणले, तेव्हा ऐन उन्हाळ्यात, शेतात पाऊल न टाकता, तोच त्रास झाला. डॉक्टरांनी डबी वाचून सांगितले की त्यात कॅमोमाइलचा अर्क आहे आणि हे फूल गाजरगवताच्या कुळातले आहे. शेवंती, झेंडू, सूर्यफूल हीही त्याच कुळातली. अबोलीताईंच्या जेलमध्ये कोणती फुले आहेत?

अबोली

सर्वांचे मनापासून आभार. जेलची नळी कचऱ्यातून शोधून काढली. यादीत कॅमोमाइल आणि कॅलेंड्युला ही दोन्ही नावे आहेत. आता आठवते आहे की दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला झेंडूचे तोरण ओवल्यावर माझे डोळे चुरचुरत होते आणि मी ते धुळीवर ढकलले होते. सोसायटीच्या मागे मोकळा प्लॉट आहे, तो गाजरगवताने भरलेला असतो. लहानपणी एक्झिमा मात्र नव्हता.

उत्तर : माठातलेपाणी

बांधावरून यांनी नेमके ओळखले असावे. १९५५-५६ च्या सुमारास हे गवत पुण्याच्या परिसरात प्रथम लक्षात आले आणि तेथून देशभर पसरले. आयात केलेल्या गव्हाबरोबर ते आले असे मानतात, आणि लोक त्याला काँग्रेस गवत म्हणतात. त्यातले पार्थेनिन आणि त्याच्या जातीची इतर द्रव्ये वाळलेल्या गवताच्या धुळीतून हवेत उडतात, म्हणून उघड्या अंगावर आणि पापण्यांवर आधी त्रास होतो. एका फुलाशी ओळख झालेले शरीर कुळातल्या दुसऱ्या फुलालाही तेच समजू शकते.

खात्री करायची असेल तर पॅच टेस्ट करून घ्या. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ याडासोन यांनी १८९५ साली मांडलेली ही पद्धत मूळ रूपात अजून तशीच आहे : पाठीवर छोट्या चकत्यांतून द्रव्ये चिकटवतात, ४८ तासांनी चकत्या काढून पाहतात आणि ९६ तासांनी पुन्हा पाहतात. भारतीय रुग्णांसाठी जो ठरावीक संच आहे त्यात गाजरगवत आहे, सुगंधी द्रव्यांचे मिश्रण आहे, केसांच्या डायमधले पीपीडीही आहे. तुमचे क्रीम आणि त्या जेलची नळी सोबत न्या. फेसवॉश मात्र पाठीवर चिकटवून घेऊ नका, बंदिस्त जागी तो कोणालाही चुरचुरतो आणि खोटा निष्कर्ष निघतो.

उत्तर : सांजवात

माझ्या वहिनीला एका औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय एक गोरे करणारे मलम मिळाले. लावले की आग लगेच थांबते, सोडले की चौथ्या दिवशी दुप्पट होते. अबोलीताईंनी तसे वापरून पाहावे का?

उत्तर : माठातलेपाणी

कृपा करून वापरू नये, आणि वहिनींनी ती नळी घेऊन लवकरात लवकर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. 'लावले की थांबते, सोडले की उसळते' हे वर्णन स्टेरॉइड मलमाचे आहे. ते दाह दाबते आणि त्याच वेळी कातडी पातळ करते, म्हणून सोडल्यावर आधीपेक्षा उघडा पडलेला चेहरा उन्हानेही पेटतो. केंद्र सरकारने २०१८ साली अशा अनेक मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली, तरीही ती मिळतात. त्यांनी ते एकदम सोडू नये किंवा चालूही ठेवू नये. कमी कसे करायचे ते डॉक्टर ठरवतील.

अबोली

सात आठवड्यांनी लिहिते आहे. पेट्रोलियम जेलीवर राहिले. पहिले दहा दिवस काही फरक वाटला नाही आणि सोडून देणार होते. चौथ्या आठवड्यात एका सकाळी तोंड धुतल्यावर कातडी ताणली नाही, हे टॉवेल खांद्यावर टाकल्यावर लक्षात आले. कोल्ड क्रीम आता झोंबत नाही. पॅच टेस्ट केली : ऐन एप्रिलात पाठीला पाणी लावायचे नाही आणि घामही येऊ द्यायचा नाही, ही परीक्षाच होती. ९६ तासांनी गाजरगवताच्या जागी लाल, उठावदार, खाजरा ठिपका आला. सुगंधी द्रव्यांच्या आणि डायच्या जागा कोऱ्या होत्या. प्लॉट साफ करण्यासाठी सोसायटीकडे अर्ज दिला आहे. एक शंका उरली आहे. बहिणीचे लग्न पुढच्या महिन्यात आहे. शेवंतीची वेणी टाळायची हे कळले, पण मोगऱ्याचा गजरा माळता येईल का?

उत्तर : माठातलेपाणी

मोगरा त्या कुळातला नाही आणि तुमची सुगंधी द्रव्यांची जागा कोरी आली आहे, तेव्हा हरकत नाही. गजऱ्यात मध्येमध्ये झेंडूच्या पाकळ्या किंवा शेवंतीच्या कळ्या गुंफलेल्या नाहीत ना, एवढे घेताना पाहून घ्या. आणि कोणी गवत उपटायला निघाले तर ते फुलायच्या आधी, हातमोजे घालून उपटावे. त्या वेळी तुम्ही खिडक्या बंद करून घरातच थांबा.